सर्ज प्रोटेक्टर घेताय? मग आधी अर्थिंग बघा, मग डीबी (घरातला एमसीबीचा मेन बोर्ड), आणि पट्टी सगळ्यात शेवटी

इंदूरला नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपत आला की संध्याकाळी धुळीचं वादळ येतं, चार मोठे थेंब पडतात, लाइट जाते आणि ती परत येते तेव्हा कॉलनीत कोणाचा तरी राऊटर गेलेला असतो, कोणाच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय उडालेला असतो, कोणाच्या एसीचा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड. मग दुसऱ्या दिवशी महाराणी रोडला जाऊन स्पाइक गार्ड मागायचा, दुकानदार जी समोर असेल ती पट्टी देतो, ती टीव्हीमागे लावायची आणि निर्धास्त व्हायचं, असं बहुतेक घरांत चालतं. ही पट्टी काय करते, काय करू शकत नाही, आणि पैसे कुठल्या क्रमाने खर्च करावेत हे मी इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्या लोकांचं ह्यात दरवर्षी नुकसान होतं आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं, खरंच टाळता येतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की सर्ज वेगळा आणि हाय व्होल्टेज वेगळं. सर्ज म्हणजे व्होल्टेजची अगदी क्षणिक उसळी, मायक्रोसेकंदात मोजायची, पण ती हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकते. लांब कुठेतरी लाइनजवळ वीज पडली, सबस्टेशनला स्विचिंग झालं, गेलेली लाइट परत आली, शेजारच्यांची बोअरिंगची मोटर किंवा बिल्डिंगची लिफ्ट बंद-चालू झाली की अशी उसळी येते. हाय व्होल्टेज म्हणजे २३० च्या जागी २८०, ३२०, कधी ४०० च्या जवळ, आणि ते सेकंदभर नाही, मिनिटं-मिनिटं टिकतं. इथे घरंच्या घरं साफ होतात ती बहुतेक ह्या दुसऱ्या प्रकाराने, आणि लोक म्हणतात "सर्ज आला होता, स्पाइक गार्ड असूनही सगळं गेलं". स्पाइक गार्ड त्या आजाराचं औषधच नव्हतं हो.

हे ४०० येतं कुठून? ट्रान्सफॉर्मरवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात, आपल्या घरात एक फेज आणि न्यूट्रल येतो, त्यांच्यात २३० व्होल्ट. पण दोन फेजमध्ये मोजलं तर ४०० च्या आसपास असतात. खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला झाला किंवा तुटला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं शेजाऱ्याचं घर ह्या ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखे होतात, आणि मग वाटणी कशी होते बघा, ज्याच्या घरात जास्त लोड चालू त्याला कमी व्होल्टेज, आणि ज्याच्या घरात फक्त टीव्ही आणि दोन एलईडी चालू त्याला जास्त. म्हणजे काटकसरीने रात्री सगळं बंद ठेवणाऱ्या घरालाच मार. ओळखायची खूण सोपी आहे, घरातला दिवा एकदम पांढराफटक, पंखा वेड्यासारखा फिरतोय, आणि समोरच्यांकडे दिवे मिणमिणतायत. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच पाडा, मग वीज कंपनीच्या १९१२ वर फोन करा. आधी मेन, नंतर फोन. गणपती-नवरात्रात मंडपाचं सगळं लोड एकाच फेजवर टाकलेलं असतं तेव्हा तर डोळे उघडे ठेवा, कारण तेव्हा न्यूट्रलवर जास्त ताण असतो आणि जुना जोड तेव्हाच गरम होऊन सुटतो.

तर ह्या आजाराला जे लागतं त्याला बाजारात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात, काही दुकानदार व्होल्टेज कट-ऑफ रिले म्हणतात. डीबीमध्ये एमसीबीसारखाच आतल्या रेलवर बसतो, समोर आकडे दिसतात. व्होल्टेज ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की सेकंदाच्या आत घर तोडतो, नीट झालं की थोडं थांबून परत जोडतो. मी वरची मर्यादा २६५ ते २७०, खालची १७५ ते १८० आणि परत जोडायला तीन मिनिटांचा वेळ लावायला सांगतो, तीन मिनिटं एवढ्यासाठी की फ्रिज आणि एसीच्या कंप्रेसरला आतला दाब उतरायला तेवढा वेळ हवा असतो. तुमच्याकडे व्होल्टेज नेहमीच थोडं वर राहत असेल तर वरची मर्यादा २७५ करा, नाहीतर घर दिवसभर बंद-चालू होत बसेल आणि वैतागून कोणीतरी तो काढूनच टाकेल. घरची मेन एमसीबी ४० अँपिअरची असेल तर प्रोटेक्टर ४० चा किंवा ६३ चा घ्या, त्याहून कमी नको. थ्री फेज कनेक्शन असेल तर थ्री फेजचा वेगळा मिळतो. माझ्या मते इंदूरमधल्या घराने पहिला पैसा अर्थिंगसोबत इथे घालावा, पट्टीवर नाही.

आता खरा सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या आत मुख्य काम करते ती एमओव्ही नावाची एक छोटी चकती, बहुतेक निळी किंवा पिवळी, झिंक ऑक्साइडची बनलेली, रुपयाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून लहान. नेहमीच्या व्होल्टेजला ती जवळपास बंद असते, व्होल्टेज एका मर्यादेवर गेलं की क्षणात वाहायला लागते आणि जास्तीचा करंट बाजूला वळवते. यशवंत सागर धरण भरलं की गेट उघडून जास्तीचं पाणी गंभीर नदीत सोडतात ना, तसंच, पण पुढे नदीचं पात्रच मोकळं नसेल तर गेट उघडून पाणी जाणार कुठे? इथे ते पात्र म्हणजे अर्थिंग. चांगल्या प्रोटेक्टरमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही बाजूंना संरक्षण असतं, अर्थच नसेल तर त्यातलं फक्त पहिलं काम करतं, बाकी दोन शोभेला.

म्हणून अर्थिंगवर जरा थांबू या. इथल्या बहुतेक घरांत इलेक्ट्रिशियनला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साब अर्थिंग है ना, हरी तार लगी तो है". हिरवी वायर लावलेली असते हो, पण ती जाते कुठे? रामबाग, नारायण बाग, राजवाड्याच्या मागचे जुने वाडे, तिथल्या मूळ फिटिंगमध्ये दोनच तारा होत्या, नंतर बोर्ड बदलले, थ्री पिन सॉकेट बसवले, पण वरच्या भोकाला मागे काहीच जोडलेलं नाही असं कितीतरी ठिकाणी सापडतं. नवीन कॉलन्यांत खड्डा असतो पण त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून टाकलेले, पाणी घालायची सोयच नाही. आपली माळव्याची काळी माती ओली असताना अर्थिंगला फार छान, पण उन्हाळ्यात ती सुकते, भेगा पडतात, पाइपपासून सुटते आणि अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, नेमका तेव्हा, जेव्हा वादळं सुरू होणार असतात. म्हणून मार्च-एप्रिलपासून खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी घाला, ह्याला खर्च शून्य आहे आणि हे कोणी करत नाही.

घरी मल्टिमीटर असेल आणि वापरायची सवय असेल तर एक प्राथमिक तपासणी करता येते. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवं. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर तीन-चार. फेज-अर्थ ९० किंवा १२० असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर तो अर्थ कुठेच जोडलेला नाही. पण मीटरने सगळं बरोबर दाखवलं तरी अर्थ चांगला आहे असं सिद्ध होत नाही, कारण मीटर नगण्य करंट घेतो आणि कमजोर अर्थावरही पूर्ण आकडा दाखवतो. खरं मोजमाप अर्थ टेस्टरने होतं, घराला ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. इलेक्ट्रिशियन लोक फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून बघतात, ते तुम्ही स्वतः अजिबात करू नका, कारण अर्थ पुढे कुठे तुटलेला असेल तर बल्बमधून आलेला करंट घरातल्या फ्रिजच्या, गीझरच्या, मिक्सरच्या पत्र्यावर येतो आणि त्या क्षणी कोणी हात लावला तर संपलं.

अर्थिंग नवीन करायचं असेल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, आतून किमान ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि किमान अडीच मीटर लांब, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला फनेल आणि झाकण, ही जुनी पद्धत आजही चालते, आयएस ३०४३ ह्या अर्थिंगच्या भारतीय मानकात हेच आहे. केमिकल अर्थिंगही चांगलं, देखभाल कमी. फक्त एक जुगाड कोणालाही करू देऊ नका, तो म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रलवरूनच एक तुकडा अर्थच्या पिनला टाकणं. मीटरवर सगळं झकास दिसतं, पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर करंट उभा राहील. कोणी करून ठेवलं असेल तर आजच काढायला लावा. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही विसरा, आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे आहेत.

अर्थिंग ठीक झालं की डीबीमधला एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. हा घराच्या दारातच बसतो आणि मोठा मार स्वतः घेतो, म्हणून टीव्हीमागच्या पट्टीपर्यंत फक्त उरलंसुरलं पोहोचतं. ह्याचे प्रकार असतात, टाइप १ थेट वीज पडण्याचा करंट झेलायला, ज्या इमारतीवर वीजवाहक म्हणजे लाइटनिंग अरेस्टर आहे तिथे मेन पॅनेलला तो किंवा टाइप १+२ लागतो, आणि टाइप २ आपल्यासारख्या घरांच्या डीबीला. टाइप ३ म्हणजे वस्तूजवळचा, चांगली पट्टी ह्यात मोडते. घरासाठी टाइप २ घेताना त्यावरची बारीक अक्षरं वाचायला शिका, एकदा समजलं की सोपं आहे. यूसी म्हणजे कायम झेलू शकेल ते व्होल्टेज, २७५ मिळतो पण इथे मी ३२० घ्या म्हणेन, व्होल्टेज वारंवार वर जात असेल तर ३८५. आयएन (वारंवार झेलेल तो सर्ज करंट) २० किलो अँपिअर आणि आयमॅक्स (एखाद्या वेळी झेलेल तो जास्तीत जास्त) ४० किलो अँपिअर घराला भरपूर झाले. यूपी म्हणजे एवढं करूनही पुढे किती व्होल्ट जाऊ देतो, तो १.५ किलोव्होल्ट किंवा कमी हवा, इथे आकडा जितका लहान तितका चांगला. आणि आयईसी ६१६४३-११ असा आंतरराष्ट्रीय मानकाचा नंबर लिहिलेला हवा, नुसतं "सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस" लिहून कोणीही विकतं. सिंगल फेजला १+१ नावाचा मागा, त्यात फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब असते, स्वतःचा अर्थ खड्डा असलेल्या घराला हीच जोडणी योग्य. थ्री फेजला ३+१. खिडकीत हिरवं दिसतं, खराब झाला की लाल, आणि कार्ट्रिज तेवढं बदलता येतं असाच घ्या.

बसवण्याचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा, कारण नेमकी चूक कुठे होते ते मला ठाऊक आहे. वायरची लांबी. एसपीडी लाइनच्या शेजारून जोडायचा असतो, फेजवरून एक वायर त्याच्यात आणि त्याच्यातून एक वायर अर्थच्या पट्टीला, आणि ह्या दोन्ही वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत राहायला पाहिजेत. इलेक्ट्रिशियन सवयीने काय करतो, वायर लांब ठेवतो, "आगे काम आएगी", तिची सुंदर गुंडाळी करून डीबीच्या कोपऱ्यात टायने बांधतो. दिसायला नीटनेटकं, पण सर्जचा करंट इतक्या झपाट्याने चढतो की सरळ वायरच्या प्रत्येक मीटरवर साधारण हजार व्होल्ट आणखी वाढतात, आणि गुंडाळी केली तर त्याहून जास्त. म्हणजे दीड किलोव्होल्टचा महागडा एसपीडी घेतलात आणि दोन मीटर वायरवर लटकवलात तर तुमच्या टीव्हीला प्रत्यक्षात साडेतीन हजार व्होल्ट दिसणार. जाड वायर टाकून हे सुटत नाही, लांबीच कमी करावी लागते. म्हणून एसपीडीची जागा डीबीमध्ये अर्थ बारच्या अगदी लगत ठरवा, वायर कापायला लावा, वळण कमीत कमी. जाडीही हवीच, अर्थकडे जाणारी तांब्याची वायर ६ स्क्वेअर एमएमची घ्या. एसपीडीला स्वतःची वेगळी एमसीबी किंवा फ्यूज द्या, कंपनीने कागदावर जी सांगितली असेल ती, म्हणजे तो आतून शॉर्ट झाला तर फक्त तोच तुटेल, घर नाही. आणि क्रम लक्षात ठेवा, मेन स्विच, मग एसपीडी, मग व्होल्टेज कट-ऑफ, मग आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा), मग बाकीच्या एमसीबी. कट-ऑफच्या आतही इलेक्ट्रॉनिक्सच आहे, तोही सर्जने जाऊ शकतो, म्हणून त्याच्या आधी एसपीडी. उलट न्यूट्रल जाऊन ४०० आले तर एसपीडीचं कार्ट्रिज कदाचित बळी जाईल, पण ते बदलता येतं, आणि घर कट-ऑफने वाचलेलं असेल.

भाड्याच्या घरात राहताय, डीबीला हात लावता येत नाही, तर मालकांशी बोलून बघा, खर्च अर्धा-अर्धा केला तरी त्यांच्याच घराचं भलं आहे. नाहीच जमलं तर निदान टीव्ही, फ्रिज आणि कॉम्प्युटर ह्यांना प्लगमध्ये बसणारे वेगळे कट-ऑफ मिळतात, ते लावा.

आता ती पट्टी. बाजारात स्पाइक गार्ड, स्पाइक बस्टर, सर्ज प्रोटेक्टर ह्या नावांनी जे मिळतं त्यातल्या बऱ्याच पट्ट्या म्हणजे लाल दिव्याचं बटण आणि फ्यूज लावलेला एक्स्टेंशन बोर्ड असतो, बाकी काही नाही. फ्यूज सर्ज थांबवत नाही, त्याला वितळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सर्ज येऊन काम करून गेलेला असतो. स्वस्तातली एखादी जुनी पट्टी प्लग काढून, स्क्रू खोलून बघा एकदा, आत तीन पितळेच्या पट्ट्या, एक स्विच, दोन सोल्डरचे थेंब, बस. चांगलीत काय दिसेल? त्या चकत्या, तीन असतील तर उत्तम, आणि त्यांना चिकटून एक थर्मल फ्यूज, जो चकती तापली की तिला तोडतो, आग लागू देत नाही. चकतीवर १४डी४७१ किंवा २०डी४७१ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा चकतीचा व्यास मिलिमीटरमध्ये, २० वाली १४ पेक्षा जास्त झेलते. मागचं ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट, एवढ्याला ती जेमतेम वाहायला सुरुवात करते, आणि एसी ३०० व्होल्टपर्यंत कायम लावून ठेवता येते. चकतीवर काळा डाग किंवा तडा असेल, जळका वास असेल, तर तिने तुमच्यासाठी मार खाल्लाय, पट्टी बदला.

दुकानात तर खोलून बघता येत नाही, तेव्हा पॅकिंग वाचा. किती ज्यूल, म्हणजे किती ऊर्जा झेलेल, ते लिहिलेलं हवं, हजाराच्या वर असेल तर बरं, टीव्ही-कॉम्प्युटरला त्याहून जास्त मिळालं तर घ्या. जास्तीत जास्त सर्ज करंट किती ते लिहिलेलं हवं. आणि "प्रोटेक्टेड" असा वेगळा दिवा हवा, पॉवरचा नाही, चकत्या शाबूत आहेत हे सांगणारा. ज्या पट्टीवर ह्यातलं काहीच छापलेलं नाही ती कितीही नामवंत ब्रँडची असली तरी एक्स्टेंशन समजूनच घ्या. कोणी आपल्या २३० च्या पट्टीवर ३३० व्होल्टला क्लॅम्प करतो, म्हणजे तिथेच सर्ज रोखतो, असं छापत असेल तर हात जोडून परत द्या, कारण आपल्या २३० व्होल्टचं शिखरच मुळात ३२५ व्होल्टचं असतं, व्होल्टेज जरा वाढलं की ती चकती रोजच तापेल. हा ३३० चा आकडा अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या पट्ट्यांवर असतो. त्यावरून आठवलं, मुलं तिकडून येताना कौतुकाने छान छान पॉवर स्ट्रिप आणतात, दहा सॉकेटची, यूएसबीवाली. ती इथे लावू नका. प्लग बदलून, अॅडॉप्टर लावून, कसंही नाही. तिच्या आतल्या चकत्या १३०-१५० व्होल्टच्या असतात, आपल्या लाइनवर लावल्या की काही क्षणांत धूर.

पट्टीवर लोड किती घालायचा हेही बघा. ६ अँपिअरच्या पट्टीवर साधारण १३८० वॉट, म्हणजे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, राऊटर, साउंडबार आरामात. इस्त्री, हीटर, मायक्रोवेव्ह, गीझर, एसी ह्यांना पट्टी नाहीच, ते भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच. पट्टीला पट्टी जोडू नका. आणि थ्री पिनचा टू पिन करणारं ते छोटं अॅडॉप्टर घरातून हद्दपार करा, ते लावलं की अर्थ तिथेच संपतो, एवढं सगळं केलेलं पाण्यात.

लोक एक वाट हमखास विसरतात, ती म्हणजे वीज सोडून बाकीच्या तारा. गच्चीवरच्या डिश अँटेनाची केबल, बाहेर लावलेल्या सीसीटीव्हीच्या वायरी, शेजारच्या इमारतीवरून खांबाखांबाने आलेली लॅन केबल, ह्या सगळ्यांतून सर्ज थेट टीव्हीच्या एचडीएमआयपर्यंत आणि राऊटरच्या पोर्टपर्यंत पोहोचतो, पट्टी बिचारी बघत राहते. फायबर कनेक्शन असेल तर काचेच्या धाग्यातून करंट येत नाही, तेवढी काळजी मिटली, त्या डब्याचा अॅडॉप्टर मात्र पट्टीवरच लावा. तांब्याची लॅन बाहेरून येत असेल तर ऑपरेटरला फायबर मागा, आता बहुतेक भागात मिळतं. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरसाठी आणि डिशच्या केबलसाठी वेगळे छोटे प्रोटेक्टर मिळतात, त्यांची अर्थची वायर त्याच घराच्या अर्थला जोडायची, गच्चीवर वेगळी सळई ठोकून नाही, नाहीतर दोन अर्थांमधला फरकच मशीनला मारतो. गच्चीवर सोलर बसवलं असेल, आणि आता सुदामा नगरपासून निपानियापर्यंत गल्लोगल्ली बसलंय, तर डीसी बाजूला डीसीचाच एसपीडी आहे का ते डीसीडीबी (सोलरच्या डीसी बाजूचा बोर्ड) उघडायला लावून बघून घ्या. एसीचा एसपीडी डीसीला चालत नाही, डीसीचा आर्क सहजी विझत नाही आणि आग लागते.

"आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, आम्हाला काय गरज", हे तर रोज ऐकतो. लाइट असताना साधा इन्व्हर्टर मेन लाइन जशीच्या तशी पुढे ढकलतो, सर्जसकट. कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसचंही बरंचसं तसंच, आत एखादी चकती असते एवढंच. ऑनलाइन यूपीएस वेगळा, तो सतत डीसी करून परत एसी बनवतो, पण तो महाग आणि बॅटरी खाणारा, दवाखान्याच्या मशीनसाठी किंवा सर्व्हरसाठी ठीक. स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त सांभाळतो, चांगल्यात हाय कट-ऑफही असतो, एसीला तो जरूर ठेवा, पण सर्जच्या वेगापुढे त्याचा रिले फार हळू. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी, आरसीसीबी माणसाला शॉक लागू नये म्हणून. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, एक असला म्हणून दुसरा नको असं होत नाही.

पैसे एकदम काढणं जमत नसेल तर पावसाळ्याआधी अर्थिंग तपासून दुरुस्त करून घ्या आणि व्होल्टेज कट-ऑफ लावा, दिवाळीच्या आसपास डीबीत एसपीडी, आणि मग सावकाश टीव्ही आणि कॉम्प्युटरला एक-एक चांगली पट्टी. सियागंज किंवा महाराणी रोडवर होलसेल भावात मिळतं, पण बिल घ्या आणि सील नसलेला माल घेऊ नका, कार्ट्रिजमध्ये नकली माल फिरतो आणि बाहेरून अजिबात ओळखू येत नाही.

आणि एवढं सगळं लावूनही, वादळाची चिन्हं दिसायला लागली की लगेच टीव्ही, कॉम्प्युटर, राऊटर ह्यांचे प्लग उपसून ठेवा, डिशची केबलही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, स्विचमधली ती दोन-तीन मिलिमीटरची फट विजेला काहीच नाही. घरावर थेट वीज पडली तर घरगुती साधनांपैकी कुठलंच पुरं पडत नाही. फक्त हे कडकडाट सुरू व्हायच्या आधी करा, वादळ डोक्यावर असताना प्लगला, केबलला हात लावू नका.

पट्टी किंवा कार्ट्रिज एकदा लावलं की जन्मभराचं झालं असं समजू नका, एमओव्ही प्रत्येक सर्जने थोडी-थोडी झिजते, आणि पट्टीतल्या सगळ्या चकत्या मेल्या तरी सॉकेटला लाइट येतच राहते, टीव्ही चालूच राहतो, तुम्हाला काही कळत नाही. त्यामुळे "प्रोटेक्टेड" दिवा विझलाय का आणि डीबीतली खिडकी लाल झालीय का, हे मेच्या शेवटी एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर एकदा बघायचं. डीबीवर मार्करने एसपीडी बसवल्याची तारीख आणि कार्ट्रिजचा मॉडेल नंबर लिहून ठेवा, म्हणजे लाल दिसलं की दुकानात फोटो दाखवून नेमकं तेच मागता येईल, आणि घरात तुम्ही नसलात तरी आई-बाबांना इलेक्ट्रिशियनला नीट सांगता येईल.